पंधरा वर्षांची अट

‘मुलकी’ हा शब्द पुण्या-साताऱ्याकडे उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुलकी पाटील उभा राहतो, मुलकी खाते उभे राहते. म्हणजे शेतसारा, जमाबंदी आणि मामलेदार कचेरी. हाच शब्द नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या वयोवृद्ध गृहस्थापुढे उच्चारून पाहावा. त्याला पाटील आठवणार नाही. त्याला एक कागद आठवेल, आणि त्या कागदासाठी तहसिलीच्या पायरीवर घातलेल्या खेपा आठवतील. निजामाच्या राज्यात मुलकी म्हणजे या मुलखाचा माणूस, आणि गैरमुलकी म्हणजे बाहेरून आलेला. सरकारी नोकरी पहिल्याला मिळे. दुसऱ्याने थांबायचे असे. किती थांबायचे, तर पंधरा वर्षे.

हैदराबादच्या इतिहासात या मुलकी प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुतेक राजधानीच्या अंगाने आणि तेलंगणाच्या अंगाने. मराठवाड्यात या नियमाने काय केले, याची चर्चा सहसा होत नाही. शिवाय लिहिणाऱ्यांचे लक्ष नेहमी दोन टोकांकडे असते : आत कोण आणि बाहेर कोण. मला या लेखात विचार करावयाचा आहे तो मधल्या माणसाचा. तो येऊन पोचलेला आहे, पोट त्याच्याबरोबर आलेले आहे, अर्ज केलेला आहे अथवा करावयाचा आहे, आणि निकाल अजून लागलेला नाही. अशा काळात त्याने कायदा न मोडता काम कोठे करावे?

प्रथम हा नियम आला कसा, ते पाहू. पहिले सर सालारजंग १८५३ ते १८८३ असे तीस वर्षे दिवाण होते. कारभाराची जुनी घडी मोडून त्यांनी नवी खाती उभारली, आणि ती चालविण्यास लागणारी शिकलेली माणसे बाहेरून आणली. महसूल, न्याय, शिक्षण या खात्यांत उत्तर हिंदुस्थानातील मंडळी मोठ्या पगारांवर आली. मोहसिन-उल-मुल्क १८७४ साली आले. त्याआधी व त्यानंतर इतर अनेक आले. १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली, तेव्हा या मंडळींचे आसन अधिकच पक्के झाले. साहजिकच स्थानिक लोकांत कुरकुर सुरू झाली. आमच्या मुलखातले पगार परक्यांनी का खावेत, हा प्रश्न होता, आणि तो गैर होता असे कोणी म्हणू नये. १८८८ साली सरकारने मुलकी कोण याची व्याख्या केली : जो संस्थानात पंधरा वर्षे कायम राहिला आहे, किंवा ज्याने बारा वर्षे सलग सरकारची चाकरी केली आहे, तो मुलकी.

या व्याख्येतला दुसरा भाग वाचकांनी जरा थांबून पाहावा. बारा वर्षे चाकरी केली तर माणूस मुलकी होतो. पण मुलकी नसेल तर चाकरी मिळत नाही. हे कोडे सुटत असे ते एकाच मार्गाने, हुजुरांच्या खास मंजुरीने. पुढे १९१९ मध्ये, हिजरी १३३७ च्या फर्मानानुसार, मुलकी नियम संस्थानच्या नोकरीविषयक नियमांत पक्के घातले गेले. त्यांचा आशय असा, की मुलकी नसलेल्या कोणासही, वरिष्ठ असो वा कनिष्ठ, निजामाच्या खास मंजुरीवाचून नेमू नये. मुलकी कोण? जो जन्माने संस्थानचा प्रजाजन आहे तो. ज्याच्या जन्माच्या वेळी त्याचा बाप पंधरा वर्षे चाकरी पुरी करून नोकरीत होता तो. मुलकी पुरुषाची पत्नी. आणि वास्तव्याने हक्क मिळविलेला. या शेवटच्याने पंधरा वर्षे कायम राहिलेले असले पाहिजे, मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडलेला असला पाहिजे, आणि तसे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढे करून दिलेले असले पाहिजे.

नियम सर्वांना सारखाच होता; मात्र खास मंजुरीची वाट सर्वांना सारखी नव्हती. दिवाणाच्या पसंतीचा अधिकारी आला, की त्याचा कागद हुजुरांपर्यंत जाई आणि सहीनिशी परत येई. सर अकबर हैदरी मुंबईचे. १९०५ साली ते हिंदुस्थान सरकारकडून हैदराबादेस अकाउंटंट जनरल म्हणून आले, आणि १९३७ मध्ये राज्याच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कर्तृत्वाविषयी वाद नाही. उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. परंतु तहसिलीत दहा-पंधरा रुपयांची कारकुनी मागणाऱ्या बाहेरच्या माणसाचा कागद हुजुरांपर्यंत कोण नेणार? मोठ्या जागेसाठी मंजुरी होती आणि लहान जागेसाठी नियम होता, असे व्यवहारात झाले.

आणि मंजुरीने आलेल्याचेही आसन तसे कच्चेच. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे बंगालचे. १८७८ साली त्यांना हैदराबादेत शिक्षणाच्या कामासाठी बोलावून घेतले होते. चांदा रेल्वेच्या प्रकरणात त्यांनी विरोधी बाजू घेतली, तेव्हा १८८३ मध्ये त्यांना राज्याबाहेर घालविण्यात आले. पुढे ते परतले, ही गोष्ट वेगळी. मर्जीवर मिळालेले काम मर्जीबरोबरच जाते, हे तेव्हाच्या प्रत्येक गैरमुलकी अधिकाऱ्यास ठाऊक होते.

मग ज्याला मंजुरीही नाही आणि पंधरा वर्षेही झालेली नाहीत, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर लातूरने दिले. हे नियम सरकारी चाकरीचे होते. पेठेला ते लागू नव्हते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक गाव. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये झाला. परंतु बाजारपेठ म्हणून त्याचे नाव फार आधीपासून होते. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी इंग्रजी मुलखातल्या बार्शीहून मोगलाईतल्या लातुरापर्यंत येई. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका होता. मालावर जकात पडे, कलदार रुपयाचा हाली रुपया करून घ्यावा लागे. मारवाडी आले, गुजराती आले, आणि त्यांच्या अडतीवर हिशेब लिहिण्यास बार्शी-सोलापूरकडचे मराठी मुनीम आले. त्यांना दाखला कोणी विचारला नाही. नांदेडला गोदावरीकाठी उस्मानशाही मिल उभी राहिली, तीही मजुराचे हात पाही. बापाचा मुलूख पाहत नसे.

माझे आजोबा असेच बार्शीकडून १९३४ च्या सुमारास लातुरास आले, आणि एका अडतीवर मोडी लिहू लागले. मूळ इच्छा सरकारी शाळेत शिक्षक होण्याची. पण पंधरा वर्षांची अट ऐकून त्यांनी तो नाद सोडला. पुढे त्यांनी दाखला काढलाच नाही, कारण अडतीवर त्याचे काही काम नव्हते. याचा भुर्दंड बसला तो माझ्या वडिलांना. त्यांचा जन्म १९३६ चा, लातूरचाच. परंतु नियमात जन्माने मुलकी तोच, ज्याच्या जन्माच्या वेळी बाप मुलकी होता. आजोबा तेव्हा नव्हते. त्यामुळे १९५५ साली वडील कारकुनीसाठी अर्ज घेऊन गेले, तेव्हा एका कचेरीत हरकत निघाली, की तुम्ही येथे जन्मलात हे खरे, पण जन्माने मुलकी नव्हे. वास्तव्याने होऊ शकाल, तेव्हा प्रतिज्ञापत्र आणा. वडिलांनी ते केले. ज्या गावात ते एक दिवसही राहिले नव्हते, त्या गावी परत जाण्याचा विचार आपण कायमचा सोडला आहे, असे त्यांनी शपथेवर लिहून दिले. अर्ज पडून राहिला. त्या काळात ते एका खाजगी शाळेत तात्पुरते शिक्षक म्हणून पोटापुरते मिळवीत होते. हे सांगताना ते हसत. आजी मात्र हसत नसे. त्या दोन-तीन वर्षांत घरात काय शिजले आणि काय शिजले नाही, ते तिला ठाऊक होते.

खाजगी शाळेचा उल्लेख आला, तो महत्त्वाचा आहे. सरकारी दार बंद असलेल्या बाहेरच्या मराठी माणसाला मराठवाड्यात जर कोठे मानाने काम मिळाले असेल, तर ते खाजगी शाळांत. या शाळा काढणेही सोपे नव्हते. परवानगी लागे, तपासणी होई, संशय असे. तरी त्या निघाल्या, कारण गरज मोठी होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मान त्याने मिळविला. पण ती देशी भाषा उर्दू होती. नांदेडच्या मराठी मुलापाशी मुलकीपणा जन्मतः होता, तरी परीक्षा आणि दफ्तर दोन्ही उर्दूत. म्हणजे ज्याच्या हितासाठी हा नियम असल्याचे सांगितले जाई, तो खेड्यातला मराठी मुलगा दाखला हातात असूनही दाराबाहेरच राही. परकेपण दोन प्रकारचे असते. एक कागदाचे आणि एक भाषेचे. मुलकी नियमाने पहिल्याचा बंदोबस्त केला. दुसऱ्याकडे त्याने पाहिलेच नाही.

ते दुसरे परकेपण कमी करण्यास मराठी शाळा हव्या होत्या, आणि त्यांत शिकविण्यास शिक्षक. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये निघाली. १९२९ साली तेथे मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश खेडगीकर आले. त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथले. मधल्या काळात ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनी कामगार चळवळीत काम केले होते. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, १९३५ मध्ये अंबेजोगाईस गेले, आणि त्यानंतरचा इतिहास मराठवाड्यात प्रत्येकास ठाऊक आहे. या माणसाने घर, संसार, नाव सारे सोडले. परत जाण्याचा विचार सोडल्याचे एवढे सज्जड प्रमाण दुसरे कोणते असेल? परंतु ते दाखल करून घेण्यास कोणत्याही कचेरीत नमुना नव्हता. उलट १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा तिचा संस्थानाबाहेरच्या संघटनेशी असलेला संबंध हा एक आक्षेप होता. आणि राज्यकारभार त्या वेळी हैदरी पाहत होते, ज्यांचा स्वतःचा जन्म मुंबईचा. इतिहास असे विनोद करतो, आणि हसत नाही.

एक गोष्ट येथे न्यायाने सांगितली पाहिजे. मुलकी चळवळ ही केवळ संकुचितपणाची चळवळ नव्हती. १९३५ मध्ये निघालेल्या निजाम सब्जेक्ट्स लीगमध्ये हिंदू आणि मुसलमान एकत्र बसले, ते या मुलखाच्या माणसाला या मुलखात जागा मिळावी म्हणून. १९४८ च्या सप्टेंबरातल्या पोलीस ॲक्शननंतर मद्रास, मुंबई, मध्यप्रांत येथून अधिकारी आले. उर्दूत वाढलेले जुने नोकर एका रात्रीत निरक्षरासारखे झाले. त्यांचे दुःख खोटे नव्हते. मुलकी दाखले खोटेपणाने मिळविले जातात, अशी ओरड झाली. १९५२ साली वरंगळास आंदोलन पेटले, ते हैदराबादेत पोचले, आणि सप्टेंबरच्या आरंभी सिटी कॉलेजाजवळ गोळीबार होऊन माणसे मेली. घटनेच्या सोळाव्या कलमाने वास्तव्याच्या कारणावरून नोकरीत भेद करण्यास मनाई केलेली होती. पण पस्तिसाव्या कलमाने जुने नियम संसद बदलीपर्यंत चालू ठेवले होते. म्हणून निजाम गेला तरी त्याची पंधरा वर्षे राहिली.

मराठवाड्यात मात्र याच काळात एक निराळी गोष्ट घडत होती. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले, औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचे कॉलेज त्याच साली निघाले. या खाजगी संस्थांना दाखल्याची अट नव्हती. शिकविण्याची पात्रता असली, की जागा होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पारडे फिरले. आता थांबण्याची पाळी मुलकी म्हणविणाऱ्यांची होती. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले होते. नांदेडच्या कचेरीतला कारकून कोणत्या राज्याचा, हे ठरावयाचे होते. या ठिकाणी राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने जे केले, ते मला फार शहाणपणाचे वाटते. त्याने सांगितले, की अंतिम वाटणी केंद्र सरकार यथावकाश करील. तोवर प्रत्येकाने तात्पुरते काम करीत राहावे, आणि जो ज्या पदावर होता, तो त्या दिवसापासून तेथे रीतसर नेमलेला आहे असे समजावे. नोकरीच्या अटी त्याला बाधेल अशा रीतीने केंद्राच्या संमतीवाचून बदलू नयेत, असेही बंधन घातले. ज्येष्ठतेच्या याद्यांवरून पुढे वर्षानुवर्षे तंटे चालले हे खरे. पण निकाल लागला नाही म्हणून कोणाचा पगार थांबला नाही, आणि मधले काम बेकायदा ठरले नाही.

दोन कायदे शेजारी ठेवून पाहावेत. निजामाचा नियम म्हणे : आधी हक्क सिद्ध कर, मग काम, आणि सिद्ध होईपर्यंत तू कसा जगतोस हे मला विचारू नकोस. १९५६ चा कायदा म्हणे : काम चालू दे, हक्काचा निवाडा मी मागाहून करीन. कागद दोन्हींत होते, विलंब दोन्हींत होता. फरक एवढाच, की विलंबाचे ओझे पहिल्याने अर्जदाराच्या शिरावर ठेवले आणि दुसऱ्याने सरकारच्या.

वास्तव्याची अट मराठवाड्यातून गेली ती १९५७ च्या एका केंद्रीय कायद्याने, जो २१ मार्च १९५९ पासून अमलात आला. वडिलांचा अर्ज तेव्हा अनायासे निकालात निघाला. त्यांना नांदेडला नोकरी लागली. तेलंगणात ती अट अपवाद म्हणून राहिली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अपवाद रद्द केला, १९७२ मध्ये जुने मुलकी नियम तेथे अद्याप जिवंत असल्याचा निर्णय दिला, त्यावरून आंध्रात वणवा पेटला, आणि १९७३ मध्ये संसदेने ते नियम कायमचे पुसले. एका संस्थानी फर्मानाने स्वतंत्र देशाच्या संसदेला असे चोपन्न वर्षांनी कामाला लावले.

आज नांदेड-लातूरची मुले अमेरिकेत जातात. माझा एक पुतण्या तेथे आहे. त्याच्या तोंडचे शब्द ऐकले, की मला तहसिलीची पायरी आठवते. त्याच्या नोकरीच्या परवान्याची मुदत संपत आली आणि मालकाने वाढीचा अर्ज वेळेत केला, तर निकाल येईपर्यंत २४० दिवस त्याच मालकाकडे काम करता येते. १९५६ च्या आपल्या कायद्यातला विचार तो हाच. त्याच्यासारख्याच्या पत्नीला मात्र २०१५ पर्यंत काम करण्याची मुभाच नव्हती. त्या वर्षापासून, नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचला असेल, तर ती मिळते. निजामाचा नियम निदान मुलकी माणसाच्या पत्नीला त्याच्याबरोबर मुलकी समजत असे. निरनिराळ्या वर्गांतील लोकांना नूतनीकरणाचा अर्ज पडून असतानाही काम करू देणारी जी आपोआप मुदतवाढ ५४० दिवसांपर्यंत गेली होती, ती ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या अर्जांना, थोडे अपवाद सोडता, बंद झाली. म्हणजे ओझे पुन्हा अर्जदाराच्या शिरावर आले. अर्ज त्याने वेळेत केलेला असतो; उशीर कचेरीचा असतो; आणि घरी बसतो तो.

आपण हे वाचून अमेरिकेस नावे ठेवू, तर आपल्या दाराशीही पाहावे. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी आजही पंधरा वर्षांचे वास्तव्य पाहिले जाते. आकडा तोच आहे. मुलखाच्या माणसाचे हित पाहणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी काही अट घालावी लागते, हेही मी मान्य करतो. माझे म्हणणे इतकेच आहे, की अट घालणाऱ्याने तिच्याबरोबर आणखी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे : अट पुरी होईपर्यंत या माणसाने काय खावे? निजामाच्या नियमांत त्याचे उत्तर नव्हते. ते उत्तर लातूरच्या अडतीने दिले, नांदेडच्या मिलने दिले, आणि दोन खोल्यांत चालणाऱ्या मराठी शाळांनी दिले. मराठवाड्याच्या दोन पिढ्यांना अक्षरओळख झाली, तीत ज्यांचा मुलकीपणा कधी सिद्ध झाला नाही अशा शिक्षकांचाही वाटा आहे. त्यांची नावे कोणत्याही दफ्तरात मुलकी म्हणून सापडणार नाहीत. त्यांचे विद्यार्थी मात्र या मुलखात गावोगाव होते.